स्पीडोमीटरचा काटा थरथरतो आणि वेगही जास्त दाखवतो: दोष केबलमध्ये की उपकरणात?

जुनीगाडी (प्रश्न)

नमस्कार. माझ्याकडे १९६० च्या दशकातील, पुढे इंजिन आणि मागच्या चाकांना गती अशा सरळ मांडणीची चार दारांची मोटार आहे. तिचा स्पीडोमीटर मूळचा, म्हणजे पूर्णपणे यांत्रिक आहे. गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाकडून निघालेली केबल डॅशबोर्डामागे उपकरणाला जोडलेली आहे. तबकडीवर किलोमीटरचे आकडे असून तळाशी अगदी बारीक अक्षरांत ६४० ही संख्या छापलेली आहे. तिचा अर्थ मला ठाऊक नाही.

दोन वर्षांपूर्वी केबलची आतली तार तुटली, तेव्हा मी स्वतःच नवी केबल बसवली आणि बसवण्याआधी तारेला या टोकापासून त्या टोकापर्यंत, हात आखडता न घेता, ग्रीस लावले. वर्षभर सारे सुरळीत चालले. गेल्या काही महिन्यांपासून मात्र काटा सुमारे ४० च्या वेगापर्यंत सतत थरथरतो, कधी कधी दहा-पंधरा किलोमीटरचा झोका घेतो आणि वेग वाढला की बराचसा स्थिर होतो. स्थिर झाल्यावरही तो खऱ्यापेक्षा जास्त वेग दाखवतो, असे फोनवरील उपग्रहाधारित वेगाशी ताडून पाहिल्यावर दिसते. त्यातच थंडीच्या दिवसांत सकाळी गाडी काढली की पहिली पाच-सात मिनिटे काटा अगदी वर चढून बसतो. एकदा तर मी जेमतेम तिसऱ्या गिअरमध्ये असताना तो तबकडीच्या शेवटच्या खुंटीला जाऊन टेकला होता. या सगळ्याबरोबर डॅशबोर्डामागून टक-टक असा हलका आवाज येतो आणि वेगाप्रमाणे त्याची लय बदलते.

गाडीचे काम पाहणाऱ्या कारागिराचे मत पुन्हा केबल बदलावी असे आहे, तर एका परिचितांच्या मते उपकरणच निकामी झाले असून दुसरे शोधावे. मूळचे उपकरण काढून टाकण्याची माझी इच्छा नाही आणि उगाच आणखी एक केबलही विकत घ्यायची नाही. नेमका दोष कोठे आहे हे खोलाखोली न करता ठरवता येईल का?

पानापकड

बऱ्याच अंशी ठरवता येईल. त्यासाठी आधी काटा विसरून ओडोमीटरच्या, म्हणजे गाडीने कापलेले एकूण अंतर नोंदवणाऱ्या भागाच्या, आकड्यांकडे पाहावे, कारण या उपकरणातला सर्वांत विश्वासू साक्षीदार तोच असतो.

केबल उपकरणात शिरते तेथे एकच आस फिरतो आणि त्याच्यावरून दोन वेगळी कामे चालतात. ओडोमीटरचे काम दातेरी चाकांनी होते: आसावरचा वर्म, म्हणजे स्क्रूसारखे आटे असलेला भाग, पुढचे चाक फिरवतो, ते त्यापुढचे, आणि शेवटी आकड्यांची चाके सरकतात. येथे सगळा संबंध दात्याला दाता असा पक्का असल्यामुळे आस जितका फिरेल तितकेच आकडे पुढे जातात, कमी नाही आणि जास्तही नाही. काट्याचे काम मात्र निराळ्या तत्त्वावर चालते. त्याच आसाच्या टोकाला एक चुंबक असतो आणि त्याला न चिकटता, अगदी थोड्या अंतरावर, ॲल्युमिनियमची हलकी वाटी असते. चुंबक फिरू लागला की वाटीच्या धातूत भोवऱ्यासारखे विद्युत प्रवाह निर्माण होतात, ज्यांना एडी करंट म्हणतात, आणि ते वाटीला चुंबकाच्या दिशेने ओढू लागतात. वाटीच्या दांड्यावर घड्याळात असते तशी केसाएवढी बारीक स्प्रिंग असते. ती उलट ओढते, आणि दोन्ही ओढी जेथे समान होतात तेथे काटा थांबतो. चुंबकाची ओढ वेगाच्या प्रमाणात वाढते आणि स्प्रिंगची ओढ कोनाच्या प्रमाणात, म्हणूनच तबकडीवरच्या रेघा सारख्या अंतरावर असतात. ऑटो शुल्झे या जर्मन संशोधकाने १९०२ मध्ये या रचनेचे पेटंट घेतले आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे येईपर्यंत मोटारींच्या डॅशबोर्डवर प्रामुख्याने तीच नांदली.

हे एवढे विस्ताराने सांगण्याचे कारण असे की निदान या दोन वाटा वेगळ्या असण्यावरच उभे आहे. काटा आणि आकडे दोन्ही मेलेले असतील, तर केबल तुटली आहे, तिचे चौकोनी टोक खोबणीतून निसटले आहे किंवा गिअरबॉक्समधल्या लहान चाकाचे दाते गेले आहेत. आकडे चालतात पण काटा हलत नाही, तर केबलला हात लावण्याचे काही कारण नाही; दोष उपकरणात आहे. काटा चालतो पण आकडे थांबले आहेत, तर आकडे फिरवणाऱ्या चाकांपैकी एखादे फुटले आहे किंवा आपल्या दांड्यावर सैल होऊन नुसते गरगरते आहे. आपल्याकडे दोन्ही चालू आहेत, म्हणून नुसते पाहून भागणार नाही, मोजावे लागेल.

मोजण्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करावी. केबल कितीही सुकलेली, वाकलेली किंवा पिळलेली असली तरी सरासरीने ती खोटे बोलू शकत नाही. खालच्या टोकाला हजार फेरे झाले तर वरच्या टोकालाही हजारच होतात, कारण मध्ये घसरण्यासारखे काही नाही. खराब केबल फक्त ते फेरे असमान लयीत पोहोचवते: तार आवरणात अडकते, पीळ साठत जातो, मग एकदम सुटतो, आणि काटा झोका घेतो. कमी वेगात हे जास्त दिसते, कारण वेग वाढल्यावर धक्के इतके जवळजवळ येतात की चुंबकाचे वजन आणि वाटीची ओढ मिळून ते पचवून टाकतात. म्हणून थरथरण्यासाठी आणि टक-टक आवाजासाठी केबलवर संशय घेणे योग्यच आहे, पण कायम जास्त वेग दाखवण्याचे पाप तिच्या माथी मारता येणार नाही. आपल्याकडे बहुधा दोन निरनिराळे दोष एकमेकांत मिसळले आहेत.

आता मोजमापे. किलोमीटरचे दगड विश्वासार्ह असलेल्या किंवा उपग्रहाधारित अंतर नीट मिळणाऱ्या मोकळ्या रस्त्यावर किमान ५० किलोमीटर जाऊन ओडोमीटरने किती नोंदवले ते पाहावे. पाच-दहा किलोमीटरवर घेतलेले माप आकडा वाचण्याच्या चुकीतच वाहून जाते. त्याच प्रवासात गाडी गरम झाल्यावर तीन वेगवेगळ्या स्थिर वेगांना काटा कोठे उभा राहतो ते शेजारी बसलेल्या व्यक्तीला लिहून ठेवायला सांगावे. चालवणाऱ्याने स्वतः काटा आणि फोन यांच्यात डोळे फिरवत बसू नये. फोनवर भरवसा नसेल तर दोन दगडांमधला वेळ सेकंदांत घेऊन ३६०० ला त्याने भागावे. ६० सेकंद लागले तर वेग ६० झाला.

तिसरे माप ६४० या आकड्यासाठी. तबकडीवरची अशी संख्या म्हणजे एका किलोमीटरमागे केबलचे किती फेरे व्हावेत अशी उपकरणाची अपेक्षा असते. मैलांच्या तबकडीवर ती मैलामागची असते. केबल उपकरणाकडून सोडवावी, आतल्या तारेच्या टोकाला कागदाची लहान पताका चिकटवावी, सपाट जागेवर जमिनीवर खडूने बरोबर १० मीटरच्या दोन खुणा कराव्यात आणि गिअर न्यूट्रलला ठेवून गाडी ढकलत पताकेचे फेरे मोजावेत. आलेल्या संख्येला शंभराने गुणले की खरा आकडा मिळतो. टायरमध्ये हवा नेहमीइतकीच असावी. त्याच वेळी तार कोणत्या दिशेने फिरते तेही लिहून ठेवावे, पुढे ते लागेल.

हवाथंड

वरच्या उत्तराला एक लहानशी पुस्ती. केबल गिअरबॉक्सकडूनच येते असे सगळ्या गाड्यांत नसते. माझ्याकडे फोक्सवॅगन बीटल आहे. तिच्यात केबल पुढच्या डाव्या चाकाच्या आसातून आरपार जाते आणि तिचे चौकोनी टोक चाकाच्या मधोमध असलेल्या ग्रीसच्या टोपीत बसून टोपीबाहेर लहान पिनेने अडवलेले असते. ती पिन हरवली की चौकोन टोपीत कधी धरतो, कधी सोडतो, आणि माणूस डॅशबोर्ड खोलून दमतो. मी स्वतः असाच एक पूर्ण दिवस घालवला आहे.

काटा ठराविक अंतराने टप्प्याटप्प्याने उडी मारतो अशी तक्रार कोणी करत असेल, तर उपकरण क्रोनोमेट्रिक जातीचे आहे का ते आधी पाहावे. त्यात चुंबक नसतो. घड्याळासारखी यंत्रणा ठराविक काळातले फेरे मोजून काटा पुढे ठेवते, म्हणून उडी मारणे हा त्याचा स्वभावच आहे. आपले वर्णन त्याच्याशी जुळत नाही, तरी दुसऱ्या कोणाला उपयोग होईल म्हणून लिहिले.

जुनीगाडी

दोघांचेही आभार. दोन रविवार घालवून सांगितलेली मोजमापे घेतली, ती येथे देतो.

५० किलोमीटरच्या अंतरात ओडोमीटरने जाताना ४८.८ आणि येताना ४८.९ नोंदवले. गाडी नीट गरम झाल्यावर खऱ्या ३० च्या वेगाला काटा साधारण ३३ च्या आजूबाजूला हलत होता, ६० ला तो ६६ वर बऱ्यापैकी स्थिर होता आणि ८० ला ८८ ते ८९ च्या दरम्यान. दहा मीटर ढकलताना पताकेचे सहा पूर्ण फेरे आणि त्यावर जवळजवळ पाव फेरा झाला. तीनदा ढकलून पाहिले, तिन्ही वेळा तेच.

केबल उपकरणाकडून सोडवली तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. तारेच्या चौकोनी टोकावर काळपट ग्रीसचा गोळा होता आणि उपकरणाच्या पाठीवर, केबल शिरते त्या नळीभोवती, ओलसर थर होता. ओडोमीटर अंतर कमी दाखवतो आणि काटा वेग जास्त, हे दोन्ही एकाच वेळी कसे होऊ शकते हे मला उलगडत नाही.

तबकडीवाला

मी घड्याळांच्या दुरुस्तीतून या उपकरणांकडे वळलो, म्हणून पुढचा भाग मी घेतो. आपली मोजमापे इतकी नीट आहेत की उत्तर त्यांच्यातच आहे.

सव्वासहा फेरे म्हणजे किलोमीटरला ६२५. उपकरणाला ६४० हवे आहेत. ६२५ ला ६४० ने भागले की ०.९७७ येते, आणि ५० ला त्याने गुणले की ४८.८. म्हणजे ओडोमीटर आपल्याला मिळालेल्या फेऱ्यांचा हिशेब काटेकोर देत आहे. त्याला फेरेच कमी मिळत आहेत. असे सव्वादोन टक्के कमी फेरे मिळण्याचे सर्वांत साधे कारण म्हणजे सध्याच्या टायरचा परीघ मूळच्या टायरपेक्षा किंचित मोठा असणे. गिअरबॉक्समध्ये चुकीचे चाक असते तर फरक सहसा याहून बराच मोठा दिसला असता, कारण त्या लहान चाकांचा एक दाता कमी-जास्त झाला तरी आकडा पाच-सात टक्क्यांनी हलतो.

आता काट्याकडे पाहू. खऱ्या ६० च्या वेगाला केबल मिनिटाला ६२५ फेरे घेते. इतक्या फेऱ्यांना काट्याने ५८.६ दाखवायला हवे. तो ६६ दाखवतो. म्हणजे उपकरणाची स्वतःची चूक आपण समजता तशी दहा टक्के नसून साडेबारा टक्क्यांच्या घरात आहे. टायरने त्यातला थोडा भाग झाकला आहे. ओडोमीटर आणि काटा विरुद्ध दिशांनी चुकतात ते यामुळेच.

चूक कोणत्या प्रकारची आहे हेही आपल्या तीन वाचनांवरून कळते. ३० ला तीन, ६० ला सहा, ८० ला आठ-नऊ, म्हणजे चूक वेगाच्या प्रमाणात वाढते आहे. काटा आपल्या दांड्यावर सरकला असता तर प्रत्येक वेगाला चूक सारखीच, समजा सहाची, दिसली असती. तसा सरकलेला काटा गाडी उभी असताना ओळखू येत नाही, कारण शून्यापाशी असलेली खुंटी त्याला अडवून धरते. आपल्याकडे ते घडलेले नाही. चूक प्रमाणात असेल तेव्हा चुंबकाची ओढ, स्प्रिंगचा ताण किंवा वाटीला मिळणारी एखादी तिसरी, न मागितलेली ओढ यांपैकी काहीतरी बदललेले असते.

चुंबक वयाने दुबळा होतो, बळकट होत नाही. त्यामुळे म्हातारा चुंबक वेग कमी दाखवतो. स्प्रिंगची वेटोळी तेलाने एकमेकींना चिकटली, तर स्प्रिंगची लांबी जणू कमी होऊन ती ताठ होते आणि त्यानेही काटा कमीच दाखवतो. घड्याळात हाच दोष घड्याळ पुढे नेतो, हे त्या धंद्यातल्यांना चांगले ठाऊक असते. जास्त दाखवण्यासाठी स्प्रिंग मऊ किंवा वाकडी झालेली असावी लागते, नाहीतर चुंबक आणि वाटी यांच्यामधल्या फटीत काहीतरी शिरलेले असावे लागते. आपण तारेला टोकापर्यंत भरघोस ग्रीस लावले होते, उपकरणाची पाठ ओली आहे आणि थंडीत चूक भलतीच वाढते. माझ्या मते याहून स्पष्ट कबुलीजबाब उपकरण देऊ शकत नाही: फटीत ग्रीस पोहोचले आहे. तेथे ते चुंबकाची गती वाटीला चिकटपणाने देते, ही ओढही वेगाबरोबर वाढते, आणि थंड ग्रीस घट्ट असल्यामुळे सकाळी ती इतकी प्रबळ होते की काटा शेवटच्या खुंटीपर्यंत फेकला जातो. गाडीत ऊब आली की ग्रीस सैल पडते आणि काटा खाली येतो.

ग्रीस वर कसे चढते याचे नवल वाटायला नको. आतली तार म्हणजे एकावर एक गुंडाळलेल्या बारीक तारांचा पीळ. आवरणात फिरताना तो स्क्रूसारखे काम करून मिळेल ते वंगण टोकाकडे वाहून नेतो. म्हणूनच जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या कार्यशाळा-पुस्तिकांत तार घातल्यावर ती वरच्या बाजूने सुमारे २०० मिलिमीटर बाहेर ओढून तेवढ्या भागावरचे ग्रीस पुसून परत घालण्याची सूचना आढळते.

उपकरण उघडायचे असल्यास काही गोष्टी जपाव्यात. काचेभोवतीचे कडे बहुतेक वेळा किंचित फिरवून निघते, काही गाड्यांत मात्र कडांनी दाबलेले असते आणि ते उचकटायला चिकाटी लागते. पाठीमागचे दोन स्क्रू काढल्यावर यंत्रणा तबकडीसकट पुढे येते आणि काटा न काढताही बाजूने फटीपर्यंत पोहोचता येते. काटा काढण्याचा मोह टाळावा, कारण तो परत त्याच कोनात बसवणे हे स्वतंत्र काम आहे. जाड कागदाची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून फटीत सावकाश फिरवावी आणि ती स्वच्छ बाहेर येईपर्यंत पट्ट्या बदलत राहावे. फवारा मारायचा नाही, दाबाची हवा वापरायची नाही, तबकडीच्या छपाईला ओला हात लावायचा नाही आणि केसस्प्रिंगला तर नजरेनेच स्पर्श करायचा. शेवटी आसाच्या बुशला शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब पुरतो. दोन थेंब म्हणजे पुढच्या वर्षीची हीच दुरुस्ती.

जुन्या काही तबकड्यांवर आणि काट्यांवर अंधारात चमकणारा रेडियमयुक्त रंग असे. त्याची चमक केव्हाच विझलेली असली तरी रेडियम संपलेले नसते, कारण त्याचे अर्धआयुष्य सुमारे १६०० वर्षे आहे. रंग पिवळट-तपकिरी आणि भुसभुशीत दिसला, तर तो खरवडू नये, त्याची धूळ श्वासात जाऊ देऊ नये आणि असे उपकरण घरी न उघडता जाणत्याकडे द्यावे.

स्वच्छ झाल्यावर केबलच्या जागी ड्रिलने उपकरणाचा आस फिरवून तपासणी करता येते. टॅकोमीटर, म्हणजे मिनिटाचे फेरे मोजणारे उपकरण, घेऊन मिनिटाला ६४० फेरे ठेवले की आपल्या काट्याने ६० दाखवायला हवे. ड्रिलवर छापलेल्या वेगावर विसंबू नये आणि गाडी ढकलताना तार ज्या दिशेने फिरत होती त्याच दिशेने ड्रिल फिरवावे.

पानापकड

फटीतल्या ग्रीसबद्दल मी सहमत आहे, पण ते सगळे आपण लावलेलेच आहे असे गृहीत धरू नये. गिअरबॉक्सकडच्या लहान चाकाच्या दांड्यावर तेलरोधक सील किंवा ओ-रिंग असते. ती कडक झाली की गिअरबॉक्सचे तेल त्याच पिळावरून चढत जाऊन उपकरण बुडवते. बोटांवर घेऊन पाहावे: गिअरबॉक्सचे तेल पातळ, तार सुटणारे असते आणि पुष्कळदा त्याला गंधकासारखा उग्र वास येतो, तर ग्रीस लोण्यासारखे राहते. दोन्ही एकत्र कालवले गेले असतील तर तार पूर्ण बाहेर काढून तिचा खालचा भाग धुवून निघाल्यासारखा दिसतो का ते पाहावे. सील न बदलता उपकरण साफ करणे म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणे.

थरथर आणि टक-टक या दोन्ही तक्रारी फटीच्या सफाईने पूर्ण जातील असे मला वाटत नाही. तार बाहेर काढली की तिची दोन्ही टोके दोन हातांत धरून ती इंग्रजी यू अक्षरासारखी खाली लोंबू द्यावी आणि एक टोक बोटांनी सावकाश फिरवावे. दुसरे टोक तितक्याच सहज फिरले पाहिजे; ते क्षणभर थांबून मग टुणकन उडत असेल, तर तारेला बाक आला आहे आणि ती सरळ करण्याच्या फंदात न पडता बदलावी. बाक नसेल, तर केबलची वाट तपासावी. वळणाची त्रिज्या १५० मिलिमीटरपेक्षा कमी नसावी, उपकरणाजवळचे ५० मिलिमीटर तरी सरळ असावेत आणि केबल कोठेही पट्टीने करकचून बांधलेली नसावी. जागा कमी पडली की डॅशबोर्डामागे केबल कोंबण्याची सवय आपल्यातल्या बहुतेकांना आहे, मीही त्यातलाच.

आणखी एक जागा सहज नजरेतून सुटते. तारेचे टोक आवरणाबाहेर किती डोकावते ते मोजावे. अनेक ब्रिटिश उपकरणांना सुमारे १० मिलिमीटर लागतात. कमी असेल तर चौकोन अर्धवट धरतो आणि काटा अडखळतो. जास्त असेल तर नट आवळताच तार आसाला आत रेटते, चुंबक वाटीकडे सरकतो, आणि दोघे एकमेकांना घासू लागले तर काटा थेट शेवटच्या खुंटीवर जातो. बाहेरून पाहणाऱ्याला हा प्रकार आणि ग्रीसचा प्रकार एकसारखाच दिसतो. भेद इतकाच की हा थंडी-उन्हाळा पाहत नाही.

हवाथंड

खर्चाचा आणि श्रमाचा विचार करताना एवढे लक्षात असू द्यावे की संयुक्त राष्ट्रांचा वाहनविषयक नियम क्रमांक ३९ आजच्या मोटारींनाही खऱ्या वेगाच्या एक दशांशात ४ किलोमीटर मिळवून होईल इतके जास्त दाखवण्याची मुभा देतो. कमी दाखवण्याची मात्र अजिबात नाही. खऱ्या ६० ला ७० पर्यंत चालते. त्या हिशेबाने आपले ६६ हे दंडनीय नव्हते. खरी धास्ती थंडीत उसळणाऱ्या काट्याची, कारण तशीच घासाघीस चालू राहिली तर स्प्रिंग एक दिवस कायमची वाकेल.

जुनीगाडी

काम झाले, जे आढळले ते लिहितो.

सील ठीक होते. तारेच्या खालच्या भागावर ग्रीस जसेच्या तसे होते, उग्र वास नव्हता, म्हणजे अपराध माझ्या सढळ हाताचाच. यू अक्षराच्या चाचणीत तारेचे दुसरे टोक एका ठिकाणी अडून उडाले. बाक उपकरणापासून साधारण वीतभर अंतरावर होता आणि नेमक्या त्याच जागी आवरण हीटरच्या नळीमागे दाबले गेले होते. त्यामुळे कारागिराचे म्हणणे अर्धे खरे ठरले आणि नवी आतली तार घ्यावीच लागली. या वेळी तिला ग्रीसचा पातळ हात दिला, वरचा २०० मिलिमीटरचा भाग पुसून कोरडा केला, टोक १० मिलिमीटर बाहेर राहते हे पट्टीने मोजले आणि केबल नळीच्या पुढून मोठ्या वळणाने आणली.

उपकरण उघडल्यावर तबकडीवर चमकणारा रंग नाही याची खात्री करून घेतली. कागदाच्या पहिल्या तीन पट्ट्या काळ्याकुट्ट निघाल्या, अकरावी स्वच्छ आली. काट्याला आणि स्प्रिंगला हात लावला नाही. टॅकोमीटर लावून ड्रिलने तपासले तेव्हा ३२० फेऱ्यांना ३१, ६४० ला ६२ आणि ९६० ला ९३ अशी वाचने मिळाली. म्हणजे साडेबारा टक्क्यांची चूक सुमारे तीन टक्क्यांवर आली आहे आणि अजूनही प्रमाणातच आहे.

रस्त्यावर गंमत झाली. टायरमुळे फेरे सव्वादोन टक्के कमी मिळतात आणि उपकरण तीन टक्के जास्त दाखवते, त्यामुळे खऱ्या ६० ला काटा ६० च्या रेघेला लागून, किंचित पुढे उभा राहतो. टक-टक थांबली आहे. गेल्या आठवड्यातल्या थंड सकाळी मुद्दाम लवकर गाडी काढली. काटा पहिल्या मिनिटापासून शांत होता. ओडोमीटर अजूनही ५० ला ४८.८ च नोंदवतो, ते मी गाडीच्या वहीत लिहून ठेवले आहे.

उरलेल्या तीन टक्क्यांसाठी स्प्रिंगचा ताण बदलून घ्यावा का?

तबकडीवाला

घेऊ नये. स्प्रिंगचे टोक केसभर सरकवले की चूक तीनवरून शून्यावर येईल किंवा आठवर जाईल, आणि पन्नासहून अधिक वर्षे वाकून-उलगडून थकलेल्या त्या धातूने मध्येच साथ सोडली तर बदली स्प्रिंग सहजासहजी मिळत नाही. फक्त पुढे कधी मूळ मापाचे टायर बसवाल तेव्हा केबलला पूर्ण ६४० फेरे मिळतील आणि खऱ्या ६० ला काटा ६२ दाखवेल. त्या दिवशी उपकरण पुन्हा बिघडले असे समजून ते उघडू नका. वहीत ओडोमीटरच्या नोंदीखाली ड्रिलची ही तीन वाचनेही लिहून ठेवा.